झेंडा अर्ध्यावर

गुड्रुन विसरायला लागली तेव्हा सुरुवातीला सगळ्यांना त्याची गंमतच वाटली. गावच्या सहकारी दुकानाच्या गल्ल्यावर उभं राहून तिने अख्खी उमर काढलेली. आमच्या नॉरबोल गावात कोणाकडे पाहुणे आलेत, कोणाला मधुमेह निघालाय, कोणाचं नवऱ्याशी बिनसलंय, सगळं तिला पिशवीतल्या सामानावरून कळायचं. अशी बाई साखरेच्या डब्यात घड्याळ ठेवते आणि घरभर शोधत फिरते, म्हटल्यावर लोक हसणारच. ती स्वतःही हसायची. "तुमच्या सगळ्यांच्या भानगडी भरल्यात डोक्यात, माझ्या घड्याळाला जागा कुठे उरलीय," म्हणायची.

ते दिवस बरे म्हणायचे, कारण आपण विसरतोय हे तेव्हा तिला कळत होतं. पुढे जो काळ आला त्याची गावात कोणालाच कल्पना नव्हती. त्या काळात माणूस धडधाकट दिसतं. हिंडतं, फिरतं, जेवतं, चर्चमधली गाणी अक्षर न चुकता म्हणतं. अर्ध्या तासासाठी आलेल्या पाहुण्याला वाटतं, छे, उगाच बाऊ करतात. पाहुणा गेला की घरात काय होतं ते फक्त एकाला ठाऊक असतं. इथे तो एक म्हणजे एगॉन, तिचा नवरा.

एगॉन फेरीबोटीवर होता. आमच्या अरुंद खाडीतून पलीकडच्या बेटावर माणसं आणि गाड्या नेणारी छोटी फेरी, तिच्यावर तो तरणा असताना लागला आणि निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिला. पहाटे जायचा, संध्याकाळी यायचा, आणि यायचा तो मागच्या दाराने. बुटांना तेल आणि खारं पाणी लागलेलं असायचं. ते घेऊन पुढच्या दाराने आत पाऊल टाकायची त्याची छाती नव्हती. मागे धुण्याची खोली होती, तिथे अंधारात तो बूट काढायचा, हटकून पत्र्याच्या बादलीला लाथ बसायची, आणि आतून गुड्रुनची हाक यायची, "आलास?" तो म्हणायचा, "आलो." तसा तो अबोल माणूस. कित्येक दिवस दोघांचं बोलणं एवढ्यावरच भागायचं, आणि भागायचं ते छान भागायचं.

त्यांच्या अंगणात झेंड्याचा खांब होता. आता तो आमच्या डेन्मार्कात कोणाच्या अंगणात नसतो? वाढदिवस असो, लग्नाचा दिवस असो, पोरगं परीक्षा पास होवो, लाल-पांढरा झेंडा वर गेलाच पाहिजे. आणि घरात मयत झालं तर झेंडा आधी थेट शेंड्यापर्यंत चढवायचा, मग सावकाश खाली आणून अर्ध्यावर बांधायचा. तो बघून शेजारीही आपापला झेंडा अर्ध्यावर आणतात. दारोदार निरोप घेऊन कोणी जात नाही. झेंड्याकडे बघायचं आणि समजायचं. सूर्य मावळायच्या आत मात्र तो उतरवायचा, दोघांनी दोन टोकं धरून घडी घालायची, जमिनीला लागू द्यायचा नाही. एगॉन दिवसभर पाण्यावर, म्हणून चढवायचं काम गुड्रुनचं. उतरवायला दोघं असायचे.

निवृत्त झाल्यावर एगॉन घरात बसला, आणि नेमकी त्याच सुमारास गुड्रुन हळूहळू घरातून जायला लागली.

आधी स्वयंपाकघर हातातून सुटलं. कॉफीच्या यंत्रात ती कॉफीच न घालता पाणी ओतायची आणि गरम पाण्याचे कप भरून समोर ठेवायची. तो ते पाणी फुंकर मारून प्यायचा. मग शब्द सुटले. चमचा म्हणजे "ते ढवळायचं", किल्ली म्हणजे "ते दाराचं". मग कपडे. झोपायच्या सदऱ्यावर स्वेटर, त्यावर पुन्हा स्वेटर. अंघोळीला घेऊन गेलं की दाराची चौकट धरून उभी राहायची आणि परक्या माणसाने हात लावावा तशी अंग चोरायची. "आज वार कुठला?" हे तर सकाळपासून सुरू व्हायचं. एगॉन सांगायचा, मंगळवार. ती मान डोलवायची, खिडकीबाहेर बघायची, आणि पुन्हा विचारायची. एकदा त्याचा तोल गेला, तो ओरडला. ती रडायला लागली आणि दोन मिनिटांत का रडतेय ते विसरली, पण रडणं थांबेना. त्यानंतर तो पुन्हा कधी ओरडला नाही.

दुपार कलली की सगळ्यात अवघड वेळ सुरू व्हायची. ती कोट चढवायची, पर्स काखेत मारायची आणि दाराशी उभी राहायची. "मला घरी जायचंय."

"हेच घर गं आपलं."

"असं तुम्ही म्हणता."

सुरुवातीला तो वाद घालायचा, भिंतीवरचे फोटो दाखवायचा. मग शहाणा झाला. आपणही कोट घालायचा, तिचा हात धरून चर्चला एक वळसा मारून आणायचा आणि फाटकाशी म्हणायचा, "आलो बघ घरी." कधी पटायचं, कधी नाही.

लोक यायचे कमी झाले. फेरीवरचा त्याचा जुना सोबती फ्रोडे दर गुरुवारी पत्ते खेळायला यायचा. एका गुरुवारी गुड्रुनने त्याच्यावर पर्स चोरल्याचा आळ घेतला. पर्स नंतर ओव्हनमध्ये सापडली. फ्रोडे हसला, काही मनावर घेतलं नाही म्हणाला, आणि पुन्हा फिरकला नाही. समोरची बोडिल कुंपणावरून हात हलवायची. कधी विचारलंच कोणी, तर म्हणायचे, आपण जाऊन त्यांना त्रास कशाला? त्रास नको म्हणून न जाणं हा आमच्या गावातला सगळ्यात सोयीचा शिष्टाचार आहे, आणि तो पाळण्यात आम्ही कोणाला हार जात नाही. एगॉन वाट बघायचा. गुरुवारी पत्त्यांचा जोड टेबलावर काढून ठेवायचा आणि रात्री परत खणात टाकायचा. कोणाला बोलवायला जाणं त्याच्या स्वभावात नव्हतं.

मुलगी लिस्बेट लांब आर्हुस शहरात असायची. दर रविवारी फोन. "बाबा, तू आडवा झालास तर दोघांचं कोण करणार? शहरातल्या वृद्धाश्रमात अशा लोकांसाठी वेगळा भाग आहे. खोली मिळतेय."

एगॉन शेवटी एकदा म्हणाला, "ती मला ओळखते तोवर इथेच राहील. ओळखेनाशी झाली की तू म्हणशील तसं."

म्हणून बसला खरा, पण त्या दिवसापासून त्याच्या जिवाला घोर लागला. रोज सकाळी ती डोळे उघडायची तेव्हा तो उशाशी बसून राहायचा, तोंडून नाव निघतं का बघत. विचारायची हिंमत नव्हती. काही दिवस नाव निघायचं. मग आठवड्यात एखाद्या दिवशी, मग तेही नाही. लिस्बेटला मात्र तो दर रविवारी सांगायचा, "ओळखते की."

आणि ती एगॉनला विसरली होती असंही नव्हतं, हेच तर दुखणं होतं. ती दिवसभर त्याचीच चौकशी करायची. बटाटे सोलत बसलेल्या एगॉनलाच विचारायची, "एगॉन कधी येणार?"

"अगं, मीच एगॉन."

ती हसायची, दुकानात एखाद्या चावट गिऱ्हाइकाला हसावं तशी. "थट्टा करता होय? एगॉन फेरीवर आहे."

मग तो म्हणायचा, "येईल संध्याकाळी." संध्याकाळ व्हायची आणि एगॉन काही यायचा नाही. येणार कसा, तो तर घरातच होता. तिच्या दृष्टीने मात्र तो सकाळी पाण्यावर गेला तो आलाच नाही, आजही नाही, कालही नाही. आमच्या गावच्या बाईला याचा अर्थ कोणी समजावून सांगावा लागत नाही.

सप्टेंबरच्या शेवटी एका दुपारी, जेवून तिचा डोळा लागल्यावर, एगॉन सायकल काढून औषधं आणायला शेजारच्या गावी गेला. परत येताना वारा तोंडावर होता, मान खाली घालून पायडल मारत होता. आळीच्या तोंडाशी मान वर केली तर पहिल्याच घराचा झेंडा अर्ध्यावर. कोण गेलं बुवा, त्याच्या मनात आलं. पुढच्या घराचाही अर्ध्यावर. बोडिलचाही. गावात आजारी कोण होतं ते आठवत तो वळणावर आला आणि त्याला आपला स्वतःचा खांब दिसला.

माझ्या घरात माझ्याशिवाय एकच माणूस आहे, एवढंच त्याला सुचलं. मी तिला एकटी टाकून गेलो. सायकल कुठे पडली, औषधं कुठे गेली, त्याला कळलं नाही. फाटकाशी बोडिल उभी होती, काळा स्वेटर घालून, हातात दालचिनीचा केक. त्याला बघून तिच्या तोंडाचा आ झाला.

"एगॉन?"

"गुड्रुन कुठाय? काय झालं तिला?"

"तिला काही नाही झालं." बोडिल दगडी कठड्यावर मटकन बसली. "तू मेलायस."

"काय?"

"तू. गेलास म्हणे. आधी झेंडा वर जाताना दिसला, म्हटलं कोणाचा तरी वाढदिवस असेल. मग थांबला आणि खाली यायला लागला. धावत आले तर ती खांबाशी उभी, दोरीची गाठ मारत. म्हणाली, एगॉन गेला. पाण्यावरून आलाच नाही. आता मी काय समजायचं? गाठसुद्धा अगदी बरोबर मारली होती."

एगॉनने डोकं धरलं. ती जिवंत आहे म्हणून त्याचा जीव भांड्यात पडला होता, आणि त्याच वेळी लिस्बेटला दिलेला शब्द त्याच्यासमोर येऊन उभा राहिला होता. नवरा मेला असं जी स्वतःच्या हाताने अख्ख्या गावाला कळवते, ती नवऱ्याला ओळखते असं कुठल्या तोंडाने सांगायचं?

आत गेला तर बैठकीची खोली भरलेली. वर्षभरात ज्या घराची घंटा नगरपालिकेच्या नर्सखेरीज कोणी वाजवली नव्हती, तिथे आज बसायला खुर्ची नव्हती. फुलं होती, केक होते, सँडविचचा थाळा होता. फ्रोडे काळा कोट घालून सोफ्याच्या कडेला टेकला होता. एगॉनला बघून सगळे हातातलं सँडविच खाली ठेवून त्याच्याकडे बघत राहिले. गुड्रुन तेवढी उठली. केस नीट बांधलेले, पाठ ताठ, दुकानात उभी राहायची तशी.

"हे आमच्याकडे मदतीला असतात," तिने सगळ्यांना सांगितलं. "नगरपालिकेने पाठवलेत. सज्जन आहेत. कॉफी करता का हो सगळ्यांसाठी?"

कोणीतरी काहीतरी बोलायला गेलं. एगॉनने हातानेच थांबवलं आणि तो स्वयंपाकघरात गेला. फ्रोडे मागोमाग आला. दाराशी उभा राहून टोपी दोन्ही हातांनी चुरगाळत राहिला.

"मेल्याशिवाय येत नाहीस होय?" एगॉन पाठमोराच म्हणाला.

"मला वाटलं..."

"काय वाटलं?"

"काही नाही. यायला हवं होतं मी," फ्रोडे म्हणाला. "कप कुठे आहेत ते सांग."

दोघांनी कॉफी नेली. आपल्याच शोकाच्या बैठकीत एगॉन प्रत्येकाच्या कपात कॉफी ओतत फिरला, आणि लोक त्याच्याकडे न बघता कपाकडे बघत "पुरे, पुरे" म्हणत राहिले. खोटं कशाला बोला, लाज वाटत होती सगळ्यांना. गुड्रुन मात्र बोलत होती. गेल्या कित्येक महिन्यांत इतकी वाक्यं तिने सलग जोडली नव्हती. मध्येच शब्द हरवायचा, हाताने हवेत शोधायची, आणि नाहीच सापडला तर त्याच्या कडेकडेने पुढे जायची.

"बोलायचा नाही तो," ती म्हणाली. "लोकांना वाटायचं, घुम्या आहे. पण मी ते चढवलेलं असलं ना, ते लाल, की तिकडून फेरीवरून टोपी हलवायचा. मला दिसायची नाही टोपी, इतक्या लांबून कुठली दिसतेय. पण तो हलवायचा. मला ठाऊक होतं."

एगॉनच्या हातातली किटली थांबली. टोपी हलवायचं त्याने तिला कधीही सांगितलं नव्हतं. वेडगळपणा वाटेल म्हणून फ्रोडेपासूनसुद्धा तो ते लपवायचा. तो खिडकीशी गेला आणि लोकांकडे पाठ करून बराच वेळ बाहेर बघत राहिला.

लोक हळूहळू उठले. जाताना रिवाजाप्रमाणे तिच्याशी हात मिळवला, आणि एगॉनपाशी येऊन काय करावं ते न सुचून त्याच्याशीही मिळवला. फ्रोडे म्हणाला, "गुरुवारी येतो." बोडिल फाटकापर्यंत जाऊन परत आली आणि हळूच म्हणाली, "लिस्बेटचा फोन आला होता मला, तू खरंच गेलास का विचारायला. कोणीतरी तिला कळवलं. तू जिवंत आहेस एवढं सांगितलंय. बाकी तू बोल." मग तीही गेली.

ऊन खाली उतरलं तशी गुड्रुन अस्वस्थ झाली. पण आज कोट नाही, पर्स नाही. खिडकीतून खांबाकडे बघत होती. "ते काढायला हवं. अंधार पडायच्या आत." दोघं अंगणात गेले. तिने दोरी सोडली, कापड खाली आलं. एक टोक तिने स्वतः धरलं आणि दुसरं त्याच्या हातात दिलं.

"हे माझा नवरा धरायचा," ती म्हणाली. "खाली टेकू देऊ नका."

त्याने टेकू दिलं नाही. लांबीत एक घडी, मग दुसरी, मग एकेक पाऊल तिच्याकडे येत, शेवटी तिच्या हातात हात. ती त्याच्या हातांकडे बघत राहिली. आता ओळखेल, आता नाव घेईल, म्हणून एगॉन जागचा हलला नाही.

"नीट धरलंत तुम्ही," ती म्हणाली. "त्याचे हात मोठे होते." मग घडी छातीशी धरून तिने आळीकडे मान वळवली. "आता निघा तुम्ही. दिवसभर राबलात. आणि घरात परका माणूस, लोक काय म्हणतील, आजच तर... तुमची बायको वाट बघत असेल."

"हो," एगॉन म्हणाला. "बघत असेल."

काय करणार? फाटक उघडून तो बाहेर पडला. ती पायरीवर उभी राहून तो जाईपर्यंत बघत होती, म्हणून त्याला खरंच चालत जावं लागलं, धक्क्याच्या दिशेने. शेवटची फेरी पलीकडून येत होती. तो बाकावर बसला, ती लागेपर्यंत, गाड्या उतरेपर्यंत. लिस्बेटला काय सांगायचं ते मनाशी जुळवत होता. खोली अजून रिकामी आहे का, असंच विचारायचं, बाकी काही बोलायचं नाही, असं त्याने ठरवलं. मग तिला एकटी सोडून फार वेळ झाला म्हणून उठला आणि घरामागच्या पायवाटेने आला. पुढचं दार तिने आतून लावून घेतलं असणार.

मागचं दार उघडंच होतं. धुण्याच्या खोलीत दिवा नव्हता. बूट काढायला तो वाकला आणि पायाने बादली उडवली. ती खडखडत भिंतीशी जाऊन आपटली.

"आलास?" आतून हाक आली.

एगॉन तसाच वाकलेला राहिला.

"एगॉन? बूट तिथेच काढ."

"आलो," तो म्हणाला.

ती स्वयंपाकघरात टेबलाशी बसली होती, घडी घातलेला झेंडा समोर ठेवून. "उशीर केलास."

"वारा होता."

"घरात माणसंच माणसं होती आज. कोणीतरी गेलंय."

"कोण?"

तिने आठवून पाहिलं. "लक्षात नाही. पण चांगला होता म्हणे." केकचा तुकडा तिने त्याच्यापुढे सरकवला. "खा. भूक लागली असेल तुला, पाण्यावरून आलास."

तो खात होता तेव्हा फोन वाजला. लिस्बेटचा आवाज रडवेला होता. "बाबा, खरं सांग. आई तुला ओळखते का?"

एगॉनने समोर बघितलं. गुड्रुन त्याच्या बशीतले कण बोटाने गोळा करत होती.

"ओळखते," तो म्हणाला. "मी घरी आलो की ओळखते."

लिस्बेटला त्यातलं काय कळलं कोण जाणे. खोलीचा विषय तिने त्या दिवशी काढला नाही, आणि नाताळापर्यंत थांबू म्हणाली.

आता एगॉन रोज दुपार कलली की कोट घालतो, पुढच्या दाराशी तिचा निरोप घेतो. बोडिल समोरून येऊन तिच्यापाशी बसते. गुड्रुन त्याला म्हणते, "उद्या याल ना?" तो म्हणतो, "येतो." धक्क्यावरच्या बाकावर तो गार वाऱ्यात एकटा बसतो, जुनी टोपी डोक्यात घालून, फेरी लागेपर्यंत. मग मागच्या वाटेने येतो, अंधारात बूट काढतो आणि बादलीला लाथ मारतो. बहुतेक दिवस आतून हाक येते. ज्या दिवशी येत नाही त्या दिवशी तो बादली उचलून पुन्हा जागेवर ठेवतो, पुन्हा एकदा लाथ मारतो, आणि तिथेच थांबतो.